काचपेटीतला समुद्र : फिलिप हेन्री गॉस यांचे चरित्र

बंगळुरात राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींना घर बदलणे नवे नाही. भाड्याचा करार संपतो, मुलांची शाळा बदलते, निवृत्तीनंतर मोठे घर सोडून लहान सदनिकेत जावे लागते. कपाटे विकता येतात, पुस्तके वाटून टाकता येतात. परंतु ज्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे, त्या घरापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. दोनशे लिटर पाणी, त्यातील दगड, प्रवाळ, समुद्रफुले आणि मासे हा सारा संसार नव्या घरातील साठ लिटरांच्या पेटीत मावत नाही. कोणाला बरोबर न्यावयाचे आणि कोणाला दुसऱ्याच्या हाती सोपवावयाचे? समुद्र तर या शहरापासून साडेतीनशे किलोमीटर दूर, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर.

हा प्रश्न जगात ज्यांना अगदी आरंभी पडला, त्यांच्यापैकी एक गृहस्थ देवाच्या वचनाचे निष्ठावंत उपदेशक होते. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो अर्थ त्यांच्याच पुस्तकाने रूढ केला. त्यांचे नाव फिलिप हेन्री गॉस. प्राणिशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र त्यांची आठवण फारशी निघत नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगविणारे चित्रकार होते. त्यांची कमाई बेताची आणि बेभरवशाची असे. कुटुंब पुढे दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात राहू लागले. तेथे बेल नावाच्या आत्याबाईंनी या मुलाला कीटकांचे रूपांतर कसे होते ते दाखविले आणि खडकावरील समुद्रफुलांची ओळख करून दिली. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, हे कोकणातील वाचकांना सांगावयास नको. ओहोटीच्या वेळी कातळातील डबक्यांत पाकळ्यांसारखे हातपाय पसरून बसणारा आणि बोट लावताच मिटून जाणारा तो एक प्राणी आहे. लहानपणी पाहिलेला हा प्राणी पुढे त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला.

सतराव्या वर्षी, १८२७ साली, त्यांना पोटासाठी न्यू फाउंडलंड बेटावर जावे लागले. कार्बोनिअर येथील एका पेढीत ते कारकून म्हणून लागले. तेथे १८३२ साली दोन गोष्टी एकत्र घडल्या. सूक्ष्मदर्शकावरील एक जुना ग्रंथ त्यांनी विकत घेतला आणि निसर्गाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी बहिणीच्या गंभीर आजाराची बातमी ऐकून त्यांचे अंतःकरण हलले व त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले. वाचकहो, या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे ध्यानात ठेवावे. पुढे जन्मभर या दोन धाग्यांचा पीळ त्यांच्या जीवनात सुटला नाही. तो कधी सुबक बसला, कधी त्याची गाठ पडली.

कॅनडात त्यांनी तीन वर्षे शेती केली, ती फसली. १८३८ साली ते अमेरिकेतील अलाबामा प्रांतात मळेवाल्यांच्या मुलांना शिकविण्यासाठी गेले. तेथील फुलपाखरे त्यांना मोहवीत होती, पण गुलामांचे हाल पाहून त्यांचे मन विटले. वर्षभरही ते तेथे राहिले नाहीत. १८३९ साली इंग्लंडला परतले तेव्हा हाती पैसा नव्हता. प्रवासात लिहिलेले एक हस्तलिखित तेवढे होते. ते पुस्तकरूपाने १८४० साली प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये शाळा चालवीत असता ते ब्रदरन मंडळीत सामील झाले. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमाचे जॉर्ज म्युल्लर आणि दक्षिण भारतात सेवा केलेले अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज यांची नावे आपणांस ठाऊक असतील. त्यांचीच ही मंडळी. पवित्र शास्त्राच्या प्रत्येक शब्दावर भिस्त आणि प्रभूच्या पुनरागमनाची रोजची वाट, हा तिचा बाणा होता.

१८४४ ते १८४६ ही दोन वर्षे त्यांनी जमेका बेटावर पक्षी व प्राणी गोळा करण्यात घालविली. तेथील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांनी आपल्या नावासोबत रिचर्ड हिल या मिश्रवंशीय न्यायाधिकाऱ्याचे नाव साहाय्यक म्हणून छापले. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. १८४८ साली त्यांनी एमिली बोज या विदुषीशी विवाह केला. एमिलीबाई सुवार्तेच्या पत्रिका लिहीत आणि त्या स्वतः लोकांच्या हातात देत. २१ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांना एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची नोंद केली आणि तिच्याच पाठोपाठ जमेकाहून एक हिरवी पाकोळी येऊन पोहोचल्याचीही नोंद केली. वाचताना हसू येते. पण देवाने दिलेली कोणतीही वस्तू ज्याला क्षुल्लक वाटत नाही, अशा माणसाची ती नोंद आहे.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली, डोकेदुखी पाठ सोडीना. म्हणून जानेवारी १८५२ मध्ये ते कुटुंबासह डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. आधी सेंट मेरीचर्च येथे आणि मग उत्तरेकडील इलफ्राकूम येथे. हातोडी आणि छिन्नी घेऊन ते ओहोटीच्या वेळी कातळांवर जात. समुद्रशैवालाला झाडासारखी मुळे नसतात. ते खडकाला चिकटून असते. उपटले तर मरते. म्हणून गॉस खडकाचा कपराच शैवालासकट फोडून आणीत. अशी शैवाले आणि थोडे जीव त्यांनी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवले. उजेडात शैवाल प्राणवायू सोडते, तो जीवांना मिळतो. म्हणजे पाणी रोज न बदलताही त्यांचे चालते. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ याच दिशेने स्वतंत्रपणे प्रयोग करीत होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. श्रेय एकट्या गॉस यांचे नाही.

त्या शरदात इलफ्राकूम सोडून लंडनला परतण्याची वेळ आली. आपल्या प्रश्नाशी त्यांची गाठ पडली ती येथे. किनारा हाताशी असताना पात्रातील पाणी बिघडले तर दुसरे आणता येत होते, एखादा जीव मेला तर दुसरा मिळत होता. लंडनमध्ये टेम्स नदीचे पाणी होते, तेही गढूळ. मग त्यांनी काय केले? सारे काही नेण्याचा हट्ट धरला नाही. समुद्रफुलांसारख्या जीवांचा आणि समुद्री कृमींचा एक लहानसा संग्रह तेवढा त्यांनी बरोबर घेतला आणि लंडनच्या घरात तो साध्या काचपात्रांत दोन महिने जगविला. डिसेंबर १८५२ मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रीय संस्थेच्या चिटणिसांशी संपर्क साधला. रीजंट्स पार्कमधील बागेत तेव्हा नवे मत्स्यगृह बांधून झाले होते. तेथील एका मोठ्या काचटाकीत आपला संग्रह त्यांनी सोपवून दिला. मे १८५३ मध्ये ते मत्स्यगृह लोकांसाठी उघडले. जगातील हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय मानले जाते. घर बदललेल्या एका माणसाच्या काचपात्रांतले जीव त्याच्या आरंभीच्या रहिवाशांत होते.

त्याआधी, १८४६ साली, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील धर्माधिकाऱ्याच्या पत्नी लेडी ॲना थिन यांनीही टॉर्कीहून काही प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला नेले होते. त्या जीवांना हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. प्रवाळ जगले ते त्या मोलकरणीच्या हातांमुळे, आणि तिचे नाव मात्र कोणी लिहून ठेवलेले दिसत नाही. गॉस यांनी पुढे बाईंचा हा वृत्तांत १८५९ साली आपल्या टिपांसह प्रसिद्ध करविला.

वाचकहो, आपल्या घरी अशी पेटी असेल आणि सामान बांधण्याची वेळ आली असेल, तर गॉस यांची रीत आजही उपयोगी पडेल. प्रवासात जीव कसे न्यावेत याविषयी त्यांनी सांगून ठेवले आहे की, समुद्रफुले भरपूर पाण्यात हिंदकळत नेण्यापेक्षा ओल्या शैवालात सैलसर गुंडाळून नेलेली बरी. समुद्राचे पाणी पिंपातून आणावयाचे झाल्यास पिंप ओकच्या लाकडाचे असू नये, कारण त्याचा तुरट अंश पाण्यात उतरून जीवांना मारतो, हेही त्यांनी बजावले आहे. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी १८५४ साली त्यांनी साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून समुद्राचे पाणी बनविण्याची कृती प्रसिद्ध केली. आज बंगळुरातील छंदी माणूस पिशवीतील तयार मीठ गाळलेल्या शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या प्रमाणात विरघळवितो, तो त्याच कृतीचा वारसदार आहे.

एक गोष्ट मात्र गॉस यांना ठाऊक नव्हती. ती नंतरच्या शास्त्राने सांगितली. पेटीतील घाण निर्विष करण्याचे मुख्य काम शैवालापेक्षा डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात, आणि ते पाण्यात थोडे व दगडांच्या छिद्रांत पुष्कळ असतात. म्हणून घर बदलताना सर्वांत जपावयाचे ते दगड. ते क्षणभरही कोरडे पडू देऊ नयेत. जुन्याच पाण्यात बुडवून न्यावेत. तळाची जुनी वाळू मात्र ढवळून नव्या पेटीत टाकू नये, कारण तिच्यात साठलेला गाळ एकदम पाण्यात मिसळला तर जीव गुदमरतात. नवी पेटी शक्य तर काही आठवडे आधी नव्या घरात मांडून तिच्यात थोडे जुने दगड घालून ठेवावेत. मासे जुन्या पेटीतून सर्वांत शेवटी काढावेत आणि नव्या पेटीत सर्वांत शेवटी सोडावेत. व्हाइटफील्डहून जयनगरला जाण्यास कोणत्या दिवशी किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्यावा.

आणि लहान पेटी म्हणजे कमी काम, असे समजू नये. वाफेने पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरांतून एक लिटर उडाले तर खारटपणा अर्ध्या टक्क्याने वाढतो. पन्नास लिटरांतून तेवढेच उडाले तर दोन टक्क्यांनी. गॉस यांनाही हे कळले होते. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घालावे, खारे नव्हे, असे ते शिकवीत. म्हणून लहान पेटीत जीव थोडे ठेवावे लागतात, जागेला पुरतील त्याहूनही थोडे. दोन लहान मासे, चार-दोन कठीण प्रकृतीचे जीव, एवढ्यावर समाधान मानावे लागते. ज्याला पोहण्यास लांब जागा लागते असा मोठा मासा कितीही लाडका असला, तरी तो मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या जाणत्या माणसाकडेच शोभतो. हे देणे जड जाते. माशाला नाव ठेवलेले असते, घरातील मुले रडतात. तरीही निवड जीवाच्या सोयीने करावी, आपल्या ओढीने नव्हे. आणि हलसूर किंवा हेब्बाळच्या तलावात तर काहीच सोडू नये. खाऱ्या पाण्यातला मासा तेथे तडफडून मरतो, यात दया नाही.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १८५४ साली गॉस यांचा अ‍ॅक्वेरियमवरील ग्रंथ निघाला. त्यातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. वडिलांची कला मुलाच्या बोटांत उतरली होती. पुस्तक अतिशय खपले. काचेवरील कर १८४५ मध्ये उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती, आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याची इंग्लंडमध्ये एकच लाट उसळली. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. ज्याला महाविद्यालयाचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, त्याच्या वाट्याला हा मान आला.

त्याच वर्षी एमिलीबाईंच्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रिया न करता एका अमेरिकन वैद्याच्या मलमाचे उपचार त्यांनी पत्करले. ते फार यातनादायक ठरले आणि गुणही आला नाही. १० फेब्रुवारी १८५७ रोजी त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात गॉस यांनी लंडन कायमचे सोडले व मुलाला घेऊन ते सेंट मेरीचर्च येथील सँडहर्स्ट नावाच्या घरात राहावयास गेले. पाच वर्षे त्यांनी समुद्र घरी आणण्याची खटपट केली होती. आता घरच समुद्रापाशी गेले. पुढची एकतीस वर्षे, अखेरपर्यंत, ते तेथेच राहिले. गावातील लहानशा ब्रदरन मंडळीचे ते पाळक झाले. विद्वत्तेचा तोरा न मिरविता साध्या गावकऱ्यांना वचन शिकवू लागले.

दुःखाच्या त्याच वर्षात त्यांनी एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्याविषयी मौन पाळणे बरे नव्हे. भूगर्भातील पुराव्यावरून पृथ्वी फार प्राचीन दिसते आणि उत्पत्तीच्या पुस्तकाचे त्यांनी केलेले वाचन वेगळे सांगते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्यांनी असे मांडले की, देवाने सृष्टी निर्माण करतानाच ती जुनी असल्याच्या खुणांसह निर्माण केली. शास्त्रज्ञ हसले आणि भाविकही दुखावले. देव खडकांवर खोटा इतिहास कोरील काय, असा आक्षेप त्यांचे स्नेही पाळक चार्ल्स किंग्सली यांनीच घेतला. माझ्या मते तो आक्षेप योग्य होता. गॉस हेतूने प्रामाणिक होते. परंतु समुद्रफुलापुढे तासन्‌तास शांत बसून ते काय सांगते हे ऐकणारा हा माणूस खडकांचे ऐकावयास मात्र तितका थांबला नाही.

पुस्तकाच्या अपयशाने ते खचले. तरी काम सोडले नाही. १८५८ ते १८६० या काळात ब्रिटिश समुद्रफुले व प्रवाळ यांवरील त्यांचा ग्रंथ भागाभागांनी निघाला. त्यासाठी लहानगा एडमंड त्यांच्याबरोबर गळ्यापर्यंतच्या डबक्यांत उतरत असे. १८६० साली त्यांनी एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरा विवाह केला. त्या प्रेमळ बाईंनी घराला पुन्हा घरपण आणले.

परंतु एक गोष्ट त्यांना सलत राहिली. त्यांची पुस्तके वाचून लोक टोपल्या, जाळ्या, हातोड्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. जी डबकी युगानुयुगे कोणाच्या दृष्टीस न पडता शोभत होती, ती काही वर्षांतच ओरबाडली गेली. नेलेले बहुतेक जीव दिवाणखान्यात थोड्याच दिवसांत मेले; लाट ओसरली तेव्हा पेट्या अडगळीत पडल्या, पण कातळ पूर्वीसारखे झाले नाहीत. एडमंड गॉस यांनी १९०७ साली लिहिलेल्या आठवणींत सांगितले आहे की, या नासाडीला आपली लोकप्रियता कारण झाली हे वडिलांना उमगले होते आणि त्याचे त्यांना फार दुःख होते. सृष्टीची थोरवी लोकांना दाखवावी म्हणून ज्याने लेखणी उचलली, त्याला हे पाहावे लागले. आपल्या देशात २००१ सालापासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेऊन संरक्षण दिले आहे. तेव्हा पेटीची मांडणी करताना कोणी किनाऱ्यावरून तोडून आणलेले प्रवाळ देऊ केले, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नये.

एडमंड मोठे होऊन साहित्यिक झाले आणि वडिलांच्या श्रद्धेपासून दूर गेले. पित्याने पत्रांमागून पत्रे लिहून त्यांच्या आत्म्याची विचारपूस केली. त्या विचारपुशीचा जाच होऊन मुलगा अधिकच लांब गेला. इलफ्राकूमचे जीव मोठ्या टाकीत निःशंक मनाने सोपविणाऱ्या या माणसाला आपले लेकरू देवाच्या हाती सोपवून निश्चिंत होणे साधले नाही. आपल्यापैकी किती आईबापांना ते साधते?

उतारवयात गॉस ऑर्किडची झाडे वाढवीत, फुलपाखरांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करीत आणि रात्री दुर्बिणीतून तारे पाहत. प्रभू आपल्या हयातीतच येईल आणि आपणांस मृत्यूच्या दारातून जावे लागणार नाही, अशी त्यांची दृढ आशा होती. हिवाळ्यात उघड्या खिडकीपाशी दुर्बीण लावून बसले असता त्यांना थंडी बाधली आणि त्या आजारातून ते उठले नाहीत. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सँडहर्स्ट येथे त्यांचे देहावसान झाले. टॉर्कीच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. १८५२ च्या हिवाळ्यात ज्या किनाऱ्यावर ते आजारी देहाने प्रथम उतरले होते, तो तेथून फार दूर नाही.